मीटर शांत आहे म्हणून पेशंटला घरी सोडू नका

प्रश्न अक्कलकोट रोडच्या बाजूला काम करणाऱ्या एका तरुण सीएमओचा, म्हणजे कॅज्युअल्टीत ड्यूटीवर असणाऱ्या डॉक्टरचा आहे. थोडक्यात असा: "किरणोत्सारी पदार्थ नाकातोंडावाटे पोटात गेल्याची शंका असलेला कामगार रात्री आमच्या कॅज्युअल्टीत आला, तर तो खरंच आत गेलाय का आणि किती गेलाय, हे सोलापुरात बसून कसं ठरवायचं? रेडिएशनचा मीटर अंगावरून फिरवला आणि काहीच वाजलं नाही, तर घरी सोडायचं का? आयोडीनच्या गोळ्या लगेच द्यायच्या का?"

डॉक्टर, शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो. मीटर वाजला नाही एवढ्यावर सोडायचं नाही. आणि आयोडीन फक्त किरणोत्सारी आयोडीनसाठी, बाकी कशासाठीही नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे. मी बरीच वर्षं न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आहे आणि रेडिएशन सेफ्टीचं कामही बघतो. अनुभव असा की अचूक आकडा शेवटी मुंबईतून, भाभा अणुसंशोधन केंद्रातूनच येतो. पण त्या आकड्याचा कच्चा माल पहिल्या काही तासांत तुमच्याच कॅज्युअल्टीत गोळा होतो किंवा कायमचा हातचा जातो.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे रेडिएशनचा पेशंट येण्याची सगळ्यात जास्त शक्यता इंडस्ट्रियल रेडिओग्राफीतून आहे. बॉयलरचे, पाइपलाइनचे वेल्डिंगचे जोड तपासायला रात्रीच्या वेळी इरिडियम-192 हा किरणोत्सारी पदार्थ वापरतात. तो सोर्स, म्हणजे किरणांचा स्रोत, सीलबंद असतो. त्याच्याजवळ माणूस गेला तर त्याला किरणांचा डोस बसतो, पण तो स्वतः किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढलेला पेशंट होत नाही तसाच. अशा माणसाची उलटी किती वाजता झाली ते लिहा, लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काउंट दर सहा तासांनी करा, गुणसूत्रांच्या तपासणीसाठी साधारण 24 तासांनी रक्त घ्या. त्याची लघवी जमवत बसू नका. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-60 ने एकाचा जीव गेला, तोही मुख्यतः बाहेरून बसलेल्या डोसमुळे.

तुमचा प्रश्न सील तुटल्यावरचा आहे: पावडर, द्रव, वाफ. त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ब्राझीलमधल्या गोयानियाचं. सप्टेंबर 1987 मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरचं जुनं मशीन भंगारात गेलं, फोडलं गेलं आणि आतली सीझियम-137 ची चमकणारी निळसर पावडर लोकांनी घरी नेली, अंगाला चोळली. सहा वर्षांच्या एका मुलीने तेच हात न धुता खाल्लं. तिच्या पोटात गेलेलं प्रमाण सुमारे 100 कोटी बेकरेल होतं (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन). तिच्यासह चार जण गेले. 1 लाख 12 हजार लोकांची तपासणी करावी लागली, त्यांत 249 जण दूषित निघाले आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या शरीरातही सीझियम होतं. भंगारची दुकानं आपल्याकडेही आहेत, म्हणून हे लिहिलं.

आता पेशंट दारात आला आहे असं धरा. श्वास, रक्तस्राव, शॉक हे आधी. किरणोत्सार अंगावर आहे म्हणून इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) थांबवायचं नाही. दुहेरी हातमोजे, मास्क, गाऊन, बुटांवर कव्हर एवढं घातलं तर स्टाफला धोका अगदी कमी. अपवाद एकच: जखमेत सोर्सचा तुकडा रुतलेला असेल तर तो बोटांनी काढायचा नाही. लांब फोर्सेप्सने काढा, शिशाच्या डब्यात ठेवा आणि लोकांना लांब करा. कपडे काढले की बाहेरचा बहुतेक माल निघून जातो. ते कापून, आतली बाजू बाहेर गुंडाळत काढा आणि पिशवीत बांधून ठेवा. फेकू नका, मोजायचे आहेत. मग कोमट पाणी आणि साबण. खसाखसा घासायचं नाही. आपल्याकडच्या जाड टॉवेलने अंग रगडून पुसायची सवय इथे नडते, कारण सोललेल्या कातडीतून पदार्थ थेट रक्तात जातो.

पण अंघोळीच्या आधी एक काम आहे आणि तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. नाकाचा स्वॅब.

दोन्ही नाकपुड्यांचे वेगवेगळे स्वॅब घ्या, घटनेनंतर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात. पेशंटला नाक शिंकरू देऊ नका; शिंकरलंच तर तो टिश्यू पेपर पिशवीत घाला. कापूस किंचित ओला करून नाकपुडीच्या पुढच्या भागात हलकेच फिरवायचा, कोविडसारखा खोल घालायचा नाही. उजवा आणि डावा वेगळ्या ट्यूबमध्ये, वर वेळ. स्वॅब वाळू द्या आणि मग पॅनकेक प्रोबखाली, म्हणजे मीटरच्या चपट्या गोल शोधकाखाली धरा. ओला ठेवला तर अल्फा कण (काही किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे, फार लांब न जाणारे कण) पाण्याच्या पातळ थरातच अडकतात आणि मीटर गप्प राहतो. दोन्ही बाजूंना साधारण सारखा काउंट (मीटरवरचा आकडा) असेल तर श्वासातून आत गेलंय असं समजा. एकाच बाजूला भरपूर आणि दुसरीकडे काहीच नाही, तर बहुतेक माणसाने मळलेलं बोट नाकात घातलंय. मात्र नाकाचा पडदा वाकडा आहे का तेही बघा. दोन्ही स्वॅबची बेरीज आत गेलेल्या मालाच्या ढोबळमानाने पाच ते दहा टक्के धरतात. हा अंदाजच आहे, रिपोर्टात डोस म्हणून लिहू नका. आणि दोन तासांनी घेतलेला स्वॅब कोरा निघाला तर त्याचा अर्थ शून्य. नाक स्वतःला तोवर साफ करतं. तोंडाने श्वास घेणाऱ्याचाही कोरा येऊ शकतो.

स्वॅब चालू असतानाच दुसऱ्या कुणीतरी हिस्ट्री घ्यावी. कुठला पदार्थ, पावडर की द्रव, किती वाजता, मास्क होता का, नंतर काही खाल्लं-प्यायलं का, तंबाखू मळली का, बिडी ओढली का. सोलापूरच्या पूर्व भागातला कामगार असेल तर तेलुगू बोलणारा वॉर्डबॉय सोबत घ्या. अर्धवट मराठीत सांगितलेली वेळ पुढे सगळं गणित बिघडवते. आणि एक प्रश्न हमखास विचारा: गेल्या महिन्याभरात थायरॉइडचा किंवा हृदयाचा स्कॅन झालाय का? मीटर वाजतोय म्हणून धावपळ सुरू झाली आणि शेवटी कारण निघालं आदल्या आठवड्यातला थॅलियम स्कॅन, असं घडतं. कंपनीकडून कागद मागा. सोर्सचं नाव, अॅक्टिव्हिटी (किरणोत्साराचं प्रमाण) आणि तारीख त्यांच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे लिहिलेली असते.

आता मीटर. साध्या गायगर मीटरला गॅमा (शरीरातून आरपार येणारे किरण) आणि जोरकस बीटा (अल्फापेक्षा लांब जाणारे कण) दिसतात. पोटात गेलेला अल्फा त्याला दिसतच नाही, कारण अल्फा कण कातडीबाहेर येत नाही. 2006 मध्ये लंडनमध्ये माजी रशियन गुप्तहेर अलेक्झांडर लिटविनेन्को यांना पोलोनियम-210 हे अल्फा सोडणारं विष दिलं गेलं. डॉक्टरांना आधी थॅलियमची विषबाधा वाटली. रेडिएशनची नेहमीची तपासणी कोरी आली. खरं निदान लघवीच्या अल्फा तपासणीतून झालं, तोवर ते शेवटच्या घटका मोजत होते. 23 नोव्हेंबरला ते गेले.

त्याहून आपल्या जवळचं उदाहरण कैगाचं. नोव्हेंबर 2009 मध्ये कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) मिसळलं गेलं. पन्नासच्या आसपास कामगारांच्या पोटात ते गेलं. कुणाला मळमळ नाही, ताप नाही, दारातला मॉनिटर वाजला नाही. ट्रिटियमचा बीटा इतका दुबळा असतो की कातडीचा मेलेला थरसुद्धा त्याला ओलांडता येत नाही. पकडलं कशाने, तर नेहमीच्या लघवी तपासणीने. म्हणून म्हणतो, मीटर वाजला तर ती माहिती आहे. नाही वाजला तर बाटली आणा.

बाटलीचीही एक रीत आहे. पेशंटने हात साबणाने धुवायचे, नवीन हातमोजे घालायचे, स्वच्छ गाऊन घालायचा, मगच लघवी धरायची. बोटाला लागलेला कण बाटलीत पडला तर पोटात काही नसताना हजारोंचा आकडा येतो आणि माणूस घाबरून अर्धा होतो. पहिली लघवी वेगळ्या बाटलीत ठेवा, तिच्यावर तसं लिहा; तिच्यातली बरीचशी घटनेच्या आधीच मूत्राशयात जमलेली असते. मग पुढचे 24 तास सगळी लघवी एकत्र. लेबलवर कधीपासून कधीपर्यंत आणि एकूण किती मिली, हे दोन्ही हवंच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 43-44 ला गेला की घामाने माणसाची दिवसाची लघवी 600 मिलीवर येते. लॅबला नुसता नमुना पाठवला आणि एकूण मिली कळवलं नाही, तर त्यांनी सरसकट दीड लिटर धरून हिशोब केला की आकडा दुपटीहून जास्त फुगतो. क्रिएटिनिन करून ठेवा, म्हणजे चोवीस तासांचं गोळा केलेलं खरंच पूर्ण आहे का हे समजतं. ट्रिटियमचं मात्र वेगळं. ते दोन-तीन तासांत अंगातल्या सगळ्या पाण्यात मिसळतं, त्यामुळे त्यानंतरची एकच लघवी पुरते. लिटरला 10 लाख बेकरेल निघाले तर 42 लिटर पाण्याने गुणा: 4 कोटी 20 लाख. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण डोस निघतो जेमतेम 0.75 मिलिसिव्हर्ट (मिलिसिव्हर्ट हे शरीराला बसलेल्या डोसाचं माप). बेकरेल ऐकून कुणीही घाबरू नये. तुमच्या-माझ्या अंगात नुसत्या नैसर्गिक पोटॅशियमचे चार हजारांच्या वर बेकरेल सतत असतातच.

शौचाचा नमुना मागायला लोक लाजतात. तरी मागा. फुप्फुसात गेलेली न विरघळणारी पावडर कफाबरोबर वर येते, गिळली जाते आणि पहिल्या तीन-चार दिवसांत शौचातून बाहेर पडते. अशा वेळी लघवी जवळजवळ कोरी येते. प्लुटोनियम, अमेरिसियमच्या बाबतीत शौचाशिवाय अंदाज बांधणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

शरीरात थेट मोजायचं तर होल बॉडी काउंटर लागतो. ते यंत्र भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि अणुवीज केंद्रांत असतं, सोलापुरात नाही. पण गॅमा देणारा पदार्थ असेल तर कोणत्याही न्यूक्लिअर मेडिसिन विभागातला गॅमा कॅमेरा, कोलिमेटर (पुढची शिशाची जाळी) काढून, प्राथमिक तपासणीसाठी चालतो. आयोडीनसाठी तर थायरॉइड अपटेक प्रोब उत्तमच. एक उदाहरण देतो. आयोडीन-131 ची बाटली उघडताना वाफ नाकात गेलेला एक मदतनीस. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेसमोर ठरलेल्या अंतरावर प्रोब धरला, मग तेवढ्याच वेळासाठी मांडीवर धरला. मांडीचा काउंट वजा केला की उरतो तो थायरॉइडचा. मानेच्या फँटममध्ये, म्हणजे मानेसारख्या नमुन्यात, माहीत असलेला सोर्स ठेवून त्याच्याशी ताडून पाहिलं. समजा 3,000 बेकरेल आले. एका दिवसानंतर आत गेलेल्यापैकी साधारण पाव भाग थायरॉइडमध्ये सापडतो, म्हणजे आत गेले 12,000. श्वासातून वाफ गेल्याचा गुणक लावला, एका बेकरेलला 2 भागिले दहा कोटी सिव्हर्ट, तर डोस येतो 0.24 मिलिसिव्हर्ट. कर्मचाऱ्यासाठी आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30. या माणसाला औषध नको, धीर हवा. थायरॉइड दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा आठवड्याभरात निम्म्यावर आला, तर गणित बरोबर होतं.

निम्मा होण्याचं कारणही समजून घ्या. टाकीला दोन तोट्या असाव्यात तसं हे आहे: एका तोटीतून पदार्थ आपोआप विघटित होतो, दुसरीतून शरीर त्याला बाहेर टाकतं. आयोडीन-131 ची पहिली तोटी मोठी, आठ दिवसांचं अर्धायुष्य. सीझियम-137 ची पहिली अगदी बारीक, तीस वर्षांची. पण शरीर त्याला साधारण शंभर दिवसांत निम्मं करतं. दुसरी तोटी मोठी करणं, हाच बहुतेक उपचारांचा हेतू.

इथे औषधांकडे येतो. सीझियमला प्रशियन ब्ल्यू, मोठ्या माणसाला 3 ग्रॅम दिवसातून तीनदा. ते रक्तात जात नाही, आतड्यातच सीझियमला धरून ठेवतं. शंभर दिवसांचं अर्धायुष्य त्याने तीसच्या आसपास येतं. शौचाला निळं होतं, हे नातेवाइकांना आधीच सांगा, नाहीतर मध्यरात्री फोन येईल. बद्धकोष्ठ होतं, पोटॅशियम उतरतं. सात रस्त्याच्या मेडिकलमध्ये हे मिळणार नाही. आणि कुणी हुशारीने रंगकामाचा निळा रंग आणून देऊ नये. औषधाच्या दर्जाचंच लागतं. प्लुटोनियम-अमेरिसियमला डीटीपीए, हे अशा धातूंना धरून लघवीतून बाहेर काढणारं औषध. पहिल्या दिवशी कॅल्शियम मीठ 1 ग्रॅम शिरेतून, मग झिंकचं. गरोदर बाईला शक्यतो झिंकचंच. अमेरिकेत हॅनफर्डच्या अणुप्रकल्पात 1976 मध्ये रासायनिक स्फोटात चेहऱ्यावर अमेरिसियम उडालेला कामगार हॅरॉल्ड मॅक्लस्की डीटीपीएवर तगला आणि 1987 मध्ये हृदयविकाराने गेला. युरेनियमला डीटीपीए देऊ नका. तिथे खरा धोका किडनीला, रासायनिक विषारीपणाचा, म्हणून सोडाबायकार्बने लघवी अल्कधर्मी ठेवा आणि क्रिएटिनिनवर नजर ठेवा. ट्रिटियमला भरपूर पाणी, बस.

आयोडीनच्या गोळीबद्दल जास्त लिहितो, कारण लोक तीच मागतात. पोटॅशियम आयोडाइड 130 मिलिग्रॅम मोठ्यांना, 3 ते 18 वर्षांच्या मुलांना 65, तान्ह्यांना त्याहून कमी. घटनेच्या थोडं आधी किंवा पहिल्या चार-सहा तासांत दिली तर काम करते. दिवस उलटल्यावर फारसा उपयोग नाही. सीझियम, कोबाल्ट, इरिडियम यांना तिचा काडीचा उपयोग नाही. 2011 मध्ये फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मीठ पोत्यांनी भरलं. हिशोब करून बघा: आपल्या मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन, एका गोळीत 100. म्हणजे सहा-सात किलो मीठ खावं लागेल. बीटाडीन तर कुणी तोंडात घालू नये.

औषध कधी सुरू करायचं? 2008 सालच्या अमेरिकी एनसीआरपीच्या (किरणोत्सारापासून संरक्षणावरच्या परिषदेच्या) अहवालात यासाठी एक मापदंड दिलाय: पन्नास वर्षांत मिळून 250 मिलिसिव्हर्ट देईल इतका माल आत गेला असेल तर उपचाराचा विचार गंभीरपणे करा. मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी त्याचा पाचवा हिस्सा. गिळलेल्या सीझियम-137 साठी मोठ्यांचा हा आकडा साधारण 1 कोटी 90 लाख बेकरेल बसतो. गोयानियाच्या त्या मुलीशी ताडून बघा म्हणजे अंदाज येईल. पण आकडा यायला दिवस लागतात, आणि डीटीपीए पहिल्या तासांतच सगळ्यात जास्त उपयोगी. म्हणून हिस्ट्री भक्कम आणि स्वॅब भरलेला असेल तर आकड्याची वाट पाहू नये, असं माझं मत. प्रशियन ब्ल्यूचा आणि डीटीपीएच्या एक-दोन डोसांचा धोका थोडा आहे. फक्त पहिली बाटली औषधाच्या आधी भरून घ्या. डीटीपीए दिलं की लघवीतलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. प्रशियन ब्ल्यू दिलं की सीझियम लघवीऐवजी शौचाकडे वळतं. दोन्हीकडे लघवीवरून डोस काढायची नेहमीची कोष्टकं कोलमडतात. औषध सुरू झाल्याची वेळ बाटलीवर लिहिली नाही, तर मुंबईतला फिजिसिस्ट चुकीच्या कोष्टकातून डोस काढणार.

जखमेचं थोडक्यात. जखम आधी मोजा, धुवा, पुन्हा मोजा. काढलेलं गॉझ आणि ऊती वेगवेगळ्या डब्यांत. जखमेवर पातळ रक्त असेल तर अल्फा दिसणार नाही, हे विसरू नका.

तिकडे कळवायचं कुणाला, हे भिंतीवर लिहून ठेवा: जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, सिव्हिलचे वैद्यकीय अधीक्षक, अणुऊर्जा नियामक मंडळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं आपत्कालीन केंद्र. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे, तिच्याकडे मापन आणि शुद्धीकरणाचं साहित्य असतं.

घरच्यांचं काय, हे पेशंटची बायको विचारणारच. बाहेरून धुतलेला आणि आत थोडा माल असलेला माणूस सहसा इतरांना धोका देत नाही. वेगळं संडास-बाथरूम असेल तर बरं, नसेल तर दोनदा फ्लश आणि हात धुणं. पाण्याचा दिवस नसेल तर त्या सोयीसाठी एक पिंप राखून ठेवायला सांगा. तान्हं बाळ असलेली आई मात्र वेगळी. आयोडीन आणि सीझियम दोन्ही दुधातून जातात, त्यामुळे पाजणं लगेच थांबवून दूध मोजायला द्या.

खरेदीचं विचाराल तर प्रशासनाकडे फार मागू नका. कॅलिब्रेशन चालू असलेला पॅनकेक प्रोबचा मीटर, त्यावर चढवायच्या पातळ पिशव्या (अल्फा शोधताना काढायच्या), रुंद तोंडाच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या, स्वॅबचा डबा, न पुसला जाणारा पेन. शहरात गॅमा कॅमेरा कुठे आहे आणि तिथल्या टेक्निशियनचा रात्रीचा नंबर काय, हे या आठवड्यातच विचारून ठेवा. मीटरची बॅटरी महिन्याला तपासा. कपाटात राहून सेल फुटलेले मीटर मी बरेच पाहिलेत.